बिनशिट्टीचा राजमा

घरात मासे बंद करायचे, असं मी एका सकाळी चहा पिता पिता ठरवलं. बाळकुमच्या आगरी घरात हे वाक्य उच्चारायला किती छाती लागते, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे सोमवारीसुद्धा मासे बंद नसतात. फक्त खिडकी लावून खातात.

पण कारणच तसं होतं. माझ्या बायकोला, कल्पिताला, कॅन्सर निघालेला. छातीचा. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि दुसऱ्या केमोनंतर तिला मच्छीचा वासच सोसेना. जी बाई माहेराहून आली की दागिन्यांच्या आधी सुक्या जवळ्याची पिशवी नीट ठेवायची, ती आता खालच्या मजल्यावर बोंबील तळले तरी बेसिन गाठायची. मटण, अंडं, दूध, सगळ्याला लोखंडाचा वास येतो म्हणायची. केस गेले तेव्हा ती रडली नाही. सुरमईचं कालवण मोरीत ओतावं लागलं तेव्हा रडली.

डॉक्टर म्हणाले, "वजन फार उतरतंय. असंच चाललं तर पुढचा डोस लांबवावा लागेल."

"लांबवला तर?" मी विचारलं.

डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघायला लागले. डॉक्टर माणूस कॉम्प्युटरकडे बघायला लागला की पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, एवढं मी तोवर शिकलेलो.

त्यांनी आम्हाला जागृती मॅडमकडे पाठवलं. आहार सांगणारी, वयाने लहान, पण बोलायला खमकी. "प्रोटीन पाहिजे. मासे-अंडी जात नसतील तर नको. डाळी आहेत, कडधान्यं आहेत, सोया, टोफू, शेंगदाणे, तीळ. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या. आणि चवीचं करा हो. पेशंट औषध म्हणून जेवत नाही."

यातलं 'प्रोटीन' एवढं मी घट्ट धरलं. 'चवीचं' लिफ्टपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

घरी येऊन मी आईला फर्मान ऐकवलं. आई, म्हणजे बायजाबाई, बालपण मिठागरावर आणि बाकीचं आयुष्य माशांवर काढलेली बाई.

"म्हंजे मना बी नाय?" तिने विचारलं.

"घरात कोणालाच नाही, आई. तिला वास येतो."

आईने फळीवरचा सुकटीचा डबा काढला, पदराने पुसला आणि शेजारी ठेवायला देऊन आली. दुपारी अधूनमधून ती त्याला भेटायला जायची.

आता स्वयंपाक कोण करणार? आईला मसाल्याशिवाय काही येत नाही आणि मसाल्याने कल्पिताचं तोंड सोलायचं. मी म्हटलं, मी करतो. मी कोलशेतला एका कंपनीत डिस्पॅच क्लार्क आहे. माल नीट बांधून वेळेवर पोचवणं हे माझं काम. त्यात आणि स्वयंपाकात असा काय मोठा फरक असणार? (तोवर मी आयुष्यात फक्त पाणी उकळलेलं. तेही गॅस दुसऱ्याने पेटवून दिला तर.)

पहिल्या दिवशी सोयाचे गोळे आणले. पाकिटावर भिजवायला सांगितलेलं, पिळायला सांगितलेलं की नाही ते मी वाचलंच नाही. चावला की आत कोमट पाणी फुटायचं.

"ह्यो भांडी घासाचा हाय का खावाचा?" आईने विचारलं.

"प्रोटीन आहे, आई."

"आसंल," आई म्हणाली. "भांड्यांना पन लागत आसंल."

मग टोफू झाला. तो मी पनीर समजून तळायला घेतला, तर त्याने तेल उडवून माझ्या हाताला फोड आणला आणि स्वतः मात्र पांढराच्या पांढरा राहिला. नुसते उकडलेले हरभरे झाले. आमटीत प्रोटीनची पावडर टाकली, तर आमटीला साबणासारखा फेस आला. मी चमच्याने फेस बाजूला सारून वाढली.

आणि आश्चर्य सांगतो, कल्पिता सगळं खायची! तिला टेबलावर बसवत नव्हतं, म्हणून मी वाटी तिच्या खोलीत नेऊन द्यायचो. सोबतीला आई बसायची. मी ओटा पुसून परत जाईस्तोवर वाटी रिकामी. पुसून घेतल्यासारखी.

"संपवलंस?"

"हो," कल्पिता म्हणायची. "बरं झालेलं."

आई खिडकीबाहेर बघत तोंड पुसत असायची.

माझी कॉलर ताठ झाली. ऑफिसात मी लोकांना टोफूबद्दल न विचारता सांगायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसायला माणसं कचरायला लागली.

पुढच्या तपासणीला कल्पिताचं वजन अजून उतरलेलं.

नर्सने काटा दोनदा बघितला. कल्पिताने मान खाली घातली. तिच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक आठवडा बघू, नाहीतर डोस थांबवू. येताना रिक्षात मी कापूरबावडीपर्यंत फाईलमधले वजनाचे आकडे परत परत बघत बसलो. मला वाटलं, आजार पुढे गेला. एवढं खाऊनही माणूस सुकतो म्हणजे आतून कोणीतरी खातंय. हे मी तिला बोललो नाही आणि तिला जे माहीत होतं ते ती मला बोलली नाही.

मी एकच केलं. वाटी मोठी केली.

त्या रविवारी माझी बहीण करिश्मा आणि तिचा नवरा सूरज खडवलीहून कल्पिताला बघायला येणार होते. मी राजमा करायचा ठरवला. पण राजम्याला कुकर लागतो आणि कुकरच्या शिट्टीने कल्पिता झोपेतून दचकून उठायची, मग तासभर छाती धरून बसायची. करिश्माने मागे एक विजेचं भांडं भेट दिलेलं, मंद आचेवर आपोआप शिजवणारं. शिट्टी नाही, वाफ नाही, ढवळणं नाही. माझ्यासारख्यासाठीच निघालेलं. सकाळी राजमा जेमतेम भिजवला, भांड्यात घातला, बटण सगळ्यात कमीवर ठेवलं आणि पेपर वाचत बसलो.

दुपारी झाकण काढलं तर रंग काय सुरेख आलेला! दाणा चावून बघितला. आत जरा कच लागत होता. मी म्हटलं, लगदा झाला की सत्त्व जातं. (हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. तिथल्या तिथे सुचलं.)

पाहुण्यांना भरपूर वाढला.

"दादा, थोडा कडक नाही ना?" करिश्मा म्हणाली.

"पौष्टिक आहे."

सूरज भावोजी स्वभावाने भिडस्त. मी कौतुकाची वाट बघत त्यांच्याकडे टक लावून बसलेलो, म्हणून त्यांनी आणखी मागून घेतला. कल्पिताची मोठी वाटी मी खोलीत नेऊन दिली. आई नेहमीप्रमाणे तिच्यासोबत बसली. वाटी रिकामी परत आली.

जेवण झाल्यावर आम्ही टीव्हीसमोर बसलो. पहिले सूरज भावोजी गप्प झाले. मग त्यांच्या कपाळावर घाम आला. मग ते, "दिपेश, बाथरूम कुठे?" असं म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच शोधून काढलं.

"अरे, यांना काय झालं?" करिश्मा उठली आणि उठल्या जागी पोट धरून परत बसली.

आमच्या फ्लॅटला दोन बाथरूम आहेत. बिल्डरने ती दिली तेव्हा आई म्हणालेली, दोन कनाला व्हवीत? त्या दुपारी चार माणसांत दोन पुरली नाहीत. सूरज भावोजी एकात, आई दुसऱ्यात, करिश्माकडे बादली आणि माझ्याकडे बेसिन. आमच्या घरातून असा आवाज येत होता की वरच्या मजल्यावरच्यांनी विचारायला फोन केला, टाकी साफ करताय का?

बेसिनवर डोकं टेकलेलं असताना माझ्या मनात आलं, चौघं म्हणजे आम्ही चौघं. पाचवी कुठाय?

कल्पिताने मोठी वाटी खाल्लेली.

 तिच्या अंगात रक्ताच्या पांढऱ्या पेशी नावाला उरलेल्या. डॉक्टरांनी बजावलेलं, साधा जुलाब झाला तरी तडक आणायचं, एका दिवसात जिवावर बेततं. आणि मी तिला स्वतःच्या हाताने, वर कोथिंबीर घालून, विष वाढलेलं. उभं राहवेना, म्हणून भिंतीला धरून, गुडघ्यांवर सरकत तिच्या खोलीकडे निघालो. वाटेत देवाला काय काय बोललो ते सांगत नाही. मासेच काय, चहासुद्धा सोडायला तयार होतो.

दार ढकललं. कल्पिता तोंडाला मास्क लावून उभी होती. अगदी ठणठणीत उभी.

"तुला उलटी?"

"नाही."

"पोटात?"

"काही नाही. तुम्ही आधी खाली बसा."

"अगं, तू मोठी वाटी खाल्लीस! चल, हॉस्पिटलात चल!" मी तिचा पाय धरून ओढत होतो. दुसरं काही हाताला येत नव्हतं.

"मी नाही खाल्ली."

"मग वाटी?"

तिने खोलीला लागून असलेल्या बाथरूमच्या दाराकडे बघितलं. आतून आईचा आवाज आला, "दोन वाट्या... मी दोन वाट्या खाल्ल्या रं दिपेश... मी मेली..."

आधी मला कळलंच नाही. मग कळलं. आजचीच वाटी नाही. सोयाचे गोळे, टोफू, फेसाची आमटी, महिनाभराचं सगळं. मी रोज पहाटे उठून रांधलेलं कल्पिताचं सगळं प्रोटीन माझ्या आईच्या पोटात गेलेलं. आईचे गुडघे हल्ली दुखत नाहीत, ती जिने चढते, याचं मला नवल वाटत होतं.

"का?" मी विचारलं.

"घास फिरायचा तोंडात. जातच नव्हतं," कल्पिता म्हणाली. "पण वाटी देऊन जाताना तुम्ही दारात उभे राहून बघायचे ना, त्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. आईंना हातापाया पडून सांगितलं, एवढं संपवा. त्यांनाही नको असायचं. डोळे मिटून गिळायच्या."

"मग तू काय खायचीस?"

"बिस्कीट. कधी तेही नाही."

मी जमिनीवर बसून होतो. पोटातली कळ कुठली आणि ही कुठली ते वेगळं करता येईना. माझी बायको माझं मन राखायला उपाशी मरत होती आणि मी तिच्या रिकाम्या वाट्या मिरवत होतो.

"रडू नका," ती म्हणाली. "आता अंगात पाणी ठेवायला पाहिजे."

पुढचं सगळं तिने केलं. गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आईला सलाईन लावलं, बाकीच्यांना मीठ-साखरेचं पाणी. तिने जागृती मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, खळाखळा उकळावा लागतो," मॅडम म्हणाल्या. "मंद आचेवर अर्धाकच्चा ठेवला तर तो बाधतो. हे कोणी केलं?" कल्पिता माझ्याकडे बघून म्हणाली, "रेंज जातेय, मॅडम."

संध्याकाळी आमची पोटं निवळली. चौघंही हॉलमध्ये आडवे पडलेलो आणि स्वयंपाकघरात ती एकटी होती. कित्येक आठवड्यांनी तिथून कुकरची शिट्टी ऐकू आली. तिनेच लावलेली, म्हणून ती दचकली नाही. मुगाचं कढण केलं तिने. मूग शिजवून घोटले, आल्याचा तुकडा, दोन आमसुलं, किंचित गूळ, वरून तुपाऐवजी तेलातल्या जिऱ्याची फोडणी. मी दारातून बघत होतो. मिठाचा अंदाज घ्यायला तिने लाकडी पळी तोंडाला लावली. थांबली. परत लावली.

"लोखंड लागत नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

मग ओट्याला टेकून, उभ्या उभ्याच, तिने अर्धी वाटी प्यायली. मी श्वास धरून बघत होतो. तिने मला बघितलं.

"तुम्ही दारात उभे राहू नका," ती म्हणाली. "हॉलमध्ये जाऊन पडा."

मी जाऊन पडलो.

तेव्हापासून ती स्टुलावर बसून सांगते आणि मी करतो. सोया पिळायचा, इतका की हात दुखला पाहिजे. टोफूला लिंबू-आलं लावून ठेवायचं. सोललेल्या वालांना ओवा आणि आमसूल. स्टीलचा चमचा तिला द्यायचा नाही. तिला नको असेल तेव्हा ती नको म्हणते आणि मला लागतं, पण मी वाटी झाकून ठेवतो. काही दिवस ती दोन घास खाते, काही दिवस तेही ओकते. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पुढच्या तपासणीला वजन वाढलं नाही, पण उतरलंही नाही. डॉक्टर म्हणाले, डोस देऊ. आम्ही दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं, जसं काही कोणी बक्षीस दिलंय. विषाचंच बक्षीस, पण मिळालं.

केमोच्या वॉर्डात न्यायला एक नवीन वॉर्डबॉय चाकांची खुर्ची घेऊन आला. त्याने कल्पिताकडे बघितलं. ती पंजाबी ड्रेसात, स्कार्फ नीट बांधून, फाईल हातात घेऊन ताठ उभी. मग त्याने माझ्याकडे बघितलं. राजम्याने खंगलेला, दाढी वाढलेली, शर्ट अंगात लोंबतोय. खुर्ची माझ्यासमोर आणून लावली.

"बसा काका. घाबरू नका, आजकाल बरे होतात लोक."

मी काही बोलायच्या आत कल्पिताने खुर्चीमागचे दांडे धरले.

"बसा हो," ती म्हणाली. "मी ढकलते."

आणि खरं सांगतो, पाय इतके लटपटत होते की मी बसलो.