धोंड्याच्या जेवणाला बास्केटबॉलचे बूट

धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला जाताना पायांत काय घालायचं, एवढाच प्रश्न होता. गोरखने बूट ठरवले आणि तिथंच माती खाल्ली.

बूट साधे नव्हते. घोट्याच्या वर येणारे, पांढरे-लाल, बास्केटबॉलचे. १९८७ साली कॉलेजच्या टीममध्ये खेळाडू असताना (राखीव खेळाडू, त्यातही पाणी देणारा) त्याने ते एका मासिकात पाहिले होते. वीस वर्षांनी कंपनीने तेच मॉडेल पुन्हा काढलं. पुण्याच्या दुकानात शेवटचा जोड उरला होता, सात नंबरचा. गोरखचा पाय आठ.

"आवो, चपला घाला," अंजना म्हणाली. "दारात काढायच्याच हायत."

"ह्या बुटाला इतिहास हाय."

"आन पायाला?"

पतसंस्थेतल्या कारकुनाला एरवी कोणी विचारत नाही. सासुरवाडीला मात्र तो थोरला जावई. तीनेक वर्षांतून एकदा सासरे कुंडलिकआबा पाटावर बसवून आधी त्याचे पाय धुणार, मग धाकट्या नूतनच्या नवऱ्याचे, ज्ञानेश्वरचे. ज्ञानेश्वरकडे जीप होती, पोल्ट्री होती, पण पहिला मान नव्हता. त्या एका मानावर गोरख मधली वर्षं काढत असे.

लोणीच्या फाट्यावर दोघं एसटीतून उतरले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. ज्ञानेश्वरची जीप शेजारी थांबली.

"बसा की भाऊ."

"आमी चालत येतो," गोरख ऐटीत म्हणाला. अंजना मात्र बसली.

दोन किलोमीटर. पहिल्यात टाच सोलली, दुसऱ्यात बोटांचा पत्ता लागेना.

दारात पाट मांडलेला, घंगाळात पाणी, सासूबाईंच्या हातात ओवाळणीचं ताट. गोरख ओट्यावर टेकला, नाड्या सोडल्या. पाय टम्म फुगलेले, बूट निघेना. मेहुण्याने, संपतने ओढला, तर गोरखच ओट्यावरून खाली आला. तेल सोडलं, तेव्हा संपतचे हात निसटायला लागले.

"पावणं," आबा म्हणाले, "जेवायला आला का म्याचला?"

आत पुरणाचे धोंडे गार होत होते. मग अंजनाच म्हणाली, "आबा, तवर ज्ञानेश्वररावांचं धुऊन घ्या."

ज्ञानेश्वरने रबरी चपला झटकल्या आणि पाटावर जाऊन बसला. कुंकू लागलं, फोटो निघाला. गोरखला ओट्यावरून सगळं दिसत होतं. बूट अडकल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं. बायकोला दहा मिनिटंही धीर धरवला नाही, हे त्याला फार लागलं.

शेवटी संपतने पत्रा कापायची कात्री आणली आणि इतिहास घोट्यापासून बोटांपर्यंत उभा चिरला. आबांनी उरलेल्या पाण्याने पाय धुतले. सोललेल्या टाचा झोंबल्या आणि गोरखचे डोळे भरून आले. (सासूबाईंना वाटलं, जावई भारावला.)

परतताना एसटीत तो अनवाणी बसला होता. म्हणाला, "जाऊ दे. पुढच्या धोंड्याला हायच की आपला मान."

अंजना खिडकीबाहेर बघत होती.

"आबांची कंबर धरलीया," ती म्हणाली. "पुढच्या बारीला एकाच जावयाचं पाय धुणार म्हणत व्हते."

कोणाचे, ते गोरखने विचारलं नाही.