बशीर फौजी रडत नाई

बशीर फौजी रॉकेलच्या लाइनीत माणसं उंचीपरमाणे उभी करे. खोटं नाई सांगत. राशनच्या दुकानासमोर जो पह्यले आला तो पुढे, ही साऱ्या जगाची रीत. हा आपलं सायकलचं दुकान उघडं टाकून यायचा, शिट्टी वाजवायचा अन् ओरडायचा, "फौजमधी असं नाई चालत! उंच पुढे, बुटका मांगे!" फौज सोडून त्याले कितीक वर्सं झाली होती. त्याचं आयकायचा काही कायदा नव्हता. पण आवाज असा का माणसाचे पाय आपोआप हालत. आमच्या गावात सगळ्यात बुटका मी. झुंजूमुंजू झाल्यावर येऊन पह्यला नंबर लावलेला मी शेपटाले जाऊन उभा राहो, अन् माझी बारी येईपर्यंत टाकी खाली. रिकामा डबा घेऊन घरी गेलो का बायको म्हणे, "आज बी उंची कमीच भरली का जी?"

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिण्याची सवय नाई. पण ह्या माणसाचा राग माझ्या पोटात इतका साचला आहे का कुठी तरी सांडलाच पायजे.

त्याच्याकडे सायकल दुरुस्तीले नेली अन् मडगार्डाले चिखल असला, तर हात लावत नसे. "आधी धुऊन आण. जखमी शिपायाले बी आधी धुतात." पंक्चर काढून झाल्यावर सायकलच्या सीटवर थाप मारे अन् सायकलीलेच म्हणे, "आगे बढ!" लग्नाच्या पंगतीत कोणी न बोलावता वाढप्यांचा ताबा घेई. एक शिट्टी वाजली का भात, दुसरी वाजली का वरण. एका लग्नात नवरदेवाच्या मामानं शिट्टीच्या आधी जिलेबी उचलली, त्याले हात वर करून उभा केला. मामा चिमूरचा, मोठा माणूस. राहिला गा उभा! ईदीले घरोघर शीरखुर्मा घेऊन येई अन् वाटी खाली होईपर्यंत दारात सावधान. "एक शेवई राह्यली. ती बी जवान आहे, तिले मांगे नाई सोडायचं."

हे सगळं मी हासून सोडलं असतं. पण श्रावणात माझी बायको गेली. तिले उचललं, तर हा सगळ्यांच्या पुढे. टोपी काखेत, अन् खांदेकऱ्यांवर ओरडून राह्यला, "कदम मिळवा! डावा! डावा! हालली नाई पायजे!" मयतीत परेड! माझ्या डोक्यात अशी आग गेली का हातातलं मडकं त्याच्या टाळक्यात घालावं वाटलं. नदीपर्यंत त्यानं आम्हाले डावा-उजवा केलं. एक खरं आहे, ती हालली नाई.

त्या दिवशी मी रडलो नाई. काऊन नाई रडलो, मले काय ठाऊक. डोळेच कोरडे. गावातल्या बायका कुजबुजल्या, "डोमाजीचं काळीज दगडाचं आहे वो." मी आयकून घेतलं. ज्याचं त्याले ठाऊक.

ते कारगिलचं वर्स होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी फौज. ज्यानं कधी गोफण नाई उचलली, तो पानठेल्यावर तोफा उडवी. आमच्या मंडईले दरवर्सी नाटक होते. दिवाळी झाली का मंडईची जत्रा, लेकी-जावई, सोयरे-धायरे सगळे गावात, अन् रातभर नाटक. त्या वर्सी मंडळानं 'रक्तात भिजली दोस्ती' धरलं. दोन म्हातारे फौजी, एका लढाईतले सोबती, म्हातारपणी एका गावात राहतात, भांडतात, अन् शेवटी एक दुसऱ्याच्या मांडीवर मरते. डायरेक्टर वडशाहून आणला, बाबाराव. गळ्यात मफलर, तोंडात इलायची. मी मंडळाचा पडदेवाला, जवानीपासून पडदा माझ्याच हातात.

पात्रं वाटून राह्यले होते तं बशीर आला. जो माणूस कधी नाटकाले बसला नाई, "खोटी दाढी फौजमधी चालत नाई" म्हणे, तो टोपी हातात घेऊन उभा. आवाज बी खाली.

"मले काम पायजे. जो जिता राह्यते, त्याचं."

बाबाराव खूश झाला. "अरे वा! असली फौजी! बोर्डावर लिहू!"

पण तालीम सुरू झाली अन् बाबारावाचं तोंड आंबट झालं. बशीर संवाद पाठ करे, पण मधीच थांबवे. "शिपाई असा बोलत नाई." लढाईच्या सीनात छातीले गोळी लागली का गाणं म्हणायचं होतं, तं म्हणे, "गोळी लागल्यावर पाणी मागतात, पेटी-तबला नाई मागत." पेटीवाला रुसून दोन दिवस आला नाई. मरणाऱ्या म्हाताऱ्याचं काम वामन मास्तराकडे होतं. केसाले जस्ताचा पांढरा रंग फासून मास्तर बशीरच्या मांडीवर पडे, अन् बशीर म्हणे, "मुर्दा श्वास घेऊन राह्यला! मुर्दा, चूप!"

ते बी चाललं असतं. खरी अडचण शेवटची होती. सोबती मेला का बशीरनं हंबरडा फोडायचा, छाती पिटायची, डोकं आपटायचं. बशीर मांडीवर मुर्दा घेऊन ताठ बसून राहे. डोळ्याची पापणी हालत नसे.

"रडा ना भाऊ!" बाबाराव.

"फौजमधी नाई रडत."

"अरे, हे नाटक आहे बाप्पा! झाडीपट्टीत लोक रडाले येतात. बायका पदर तयार ठेवून बसतात. त्याच रातीले पल्याडच्या गावात दुसरं नाटक आहे. इथी रडणं नाई आलं तं अर्धा मंडप उठून तिकडे जाईन. माझं नाव बुडन!"

"मंडईले करीन."

"अन् नाई केलं तं?"

बाबारावानं सरळ सांगून टाकलं, सुखदेव कंडक्टरले काम देतो. सुखदेव तिकीट फाडता फाडता रडू शके, त्याची ती कलाच होती. तिथल्या तिथी त्यानं दोन डोळ्यांतून पाणी काढून दाखवलं अन् नाक बी शिंकरलं. माणसं टाळ्या पिटू लागली.

बशीरचा चेहरा मी पाह्यला. लाइनीत बुटक्यांवर ओरडणारा हा माणूस स्वतः मांगे ढकलल्यासारखा उभा होता. "मले हे काम पायजे," पुन्हा इतकंच म्हणला. काऊन पायजे, ते सांगे नाई.

माझ्या मनात आलं, बरं झालं, रॉकेलचा बदला निघाला. मी मधात पडणार नव्हतो. पण तो इलायचीवाला माझ्याकडे वळून हासत म्हणला, "डोमाजी, तुम्ही नका तोंड घालू. तुम्ही तं घरच्या बाईले बी नाई रडले. रडण्यातलं तुम्हाले काय समजते?"

कोणी त्याले सांगतलं असन! माझं डोकंच सणकलं. पडद्याचा दोर त्याच्या पायाशी फेकला अन् म्हणलो, "फौजी काम करन. नाई तं पडदा तुझ्या बापाले ओढायले लाव. अन् मंडप बी माझ्या वावरातल्या बांबूचा आहे, तो बी उपटून नेतो." मंडळवाले घाबरले. बांबू खरंच माझे होते. काम बशीरकडेच राह्यलं.

बाहेर आल्यावर वाटलं, धन्यवाद म्हणन. म्हणला काय? "दोर असा फेकत नाई, डोमा. गुंडाळून ठेवतात."

मंडईच्या रातीले मंडप फुल. खाली धानाची तणस अंथरलेली, लोक घोंगड्या-दुलया घेऊन बसलेले, गडचिरोली-सिरोंच्यापासून सोयरे आलेले. बाबारावानं मले दहा खेप बजावलं, "फौजीनं हंबरडा फोडला का पडदा. त्याच्या आधी नाई, त्याच्या नंतर नाई. रडणं आलं का ओढ." मी म्हणलो, "आयकलं."

शेवटचा सीन आला. मास्तर बशीरच्या मांडीवर मेला. पेटीनं रडका सूर धरला. बायकांनी पदर हातात घेतले. अन् बशीर ताठ. दगड.

पेटी वाजून वाजून थकली. मांगून कोणी तरी शिट्टी मारली. विंगेतून बाबाराव दात चावून म्हणे, "रड! रड बे!" मग माझ्याकडे, "ओढ पडदा! गेलं नाटक!"

"रडणं कुठी आलं?" मी म्हणलो. मले बी आता चीड होती. त्याच्याच हुकुमानं त्याले मारणार होतो.

तेवढ्यात बशीर हालला. मास्तराचं डोकं मांडीवरून हळू खाली ठेवलं, पायाकडे सरकला अन् त्याचे बूट सोडू लागला. हे पुस्तकात नव्हतं. मास्तरानं एक डोळा उघडला. बशीरनं एक बूट काढला, पायमोजा काढला अन् दोन हातांनी तो पाय चोळू लागला, थंडीनं आखडलेला पाय चोळतात तसा. मास्तराले गुदगुल्या झाल्या, मुर्दा आंग आखडू लागला. मंडपात हासू फुटलं. बशीरले ते आयकू गेलं नाई.

"किती खेप सांगतलं, बूट घालून झोपू नको," तो म्हणला. ओरडून नाई. आपण घरी बोलतो तसं. "ओला बूट घालून झोपतोस. बोटं जातील लेका. मग मीच बसायचं चोळत." दुसरा बूट काढला. "अन् माझ्या वाटणीचा चहा काऊन पेलास? सांग ना. आता भांड ना माझ्याशी." मग तोंड त्याच्या कानाजवळ नेलं अन् म्हणला, "राजम. लेवरा. लेवरा, राजम."

नाटकात राजम नावाचं कोणीच नव्हतं. पुढे बसलेला सिरोंच्याचा पाहुणा एकदम सरळ झाला. तेलुगूत 'लेवरा' म्हणजे 'ऊठ रे'. बशीरच्या तोंडून गावानं कधी तेलुगूचं अक्षर आयकलं नव्हतं.

हासणं थांबलं. बशीर पाय चोळतच राह्यला. मास्तराचं आंग बी निपचित झालं, तो पह्यल्यांदा बरोबर मेला. मंग बायकांच्या बाजूनं कोणी तरी हुंदका दिला, अन् एक दिला तशा साऱ्याच. बशीरचे डोळे कोरडेच होते. पण रडणं आलं होतं, अन् हुकूम तेवढाच होता. मी पडदा ओढला.

बाबाराव लोकांले सांगत फिरला का हे त्यानंच बसवलं होतं. सांगो बापडा.

दिवस उजाडल्यावर माणसं मंडप उतरवून राह्यली होती. बशीर स्टेजच्या कडेले बसून मास्तराचे बूट पुसून राह्यला होता. मी दोर गुंडाळत त्याच्याजवळ गेलो.

"राजम कोण गा?"

"सोबती. सिरोंच्याचा. एकाच गाडीवर डायवर होतो आम्ही." त्यानं बुटाची नाडी ओवली. "बर्फात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीत हवालदारानं सवयीनं त्याचं नाव घेतलं. सगळी लाइन चूप. मी म्हणलो, हाजिर."

"मंग?"

"मंग काय? पाठीवर बंदूक देऊन मैदानाले चक्कर माराले लावल्या. खोटी हजेरी फौजमधी नाई चालत." त्यानं बुटावर फडकं मारलं. "पण मी रोज देतो. फजरच्या नमाजाआधी, दुकानात. त्याचं नाव बी मीच घेतो अन् हाजिर बी मीच म्हणतो. कोणी नाव घेणारं नसलं का माणूस कागदावरून बी जाते, डोमा."

मी दोर गुंडाळत राह्यलो. त्यानं मले खालून वरपर्यंत पाह्यलं, लाइनीत पाह्यतो तसं.

"तुझ्या घरचीचं नाव काय होतं?"

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाई. लग्नात घास देताना एकदा घेतलं असन, मंग सारी जिंदगी 'आयकलं का वो' वर गेली. गेल्यावर बी सगळे म्हणत, डोमाजीची बाई गेली. मले रागच आला. ह्याले काय करायचं?

"बोल," तो म्हणला.

"भागरता," मी म्हणलो.

"आवाज नाई आला!"

"भागरता!"

"अजून!"

मी असा ओरडलो का मंडपाचे बांबू उतरवणारी माणसं हात थांबवून आमच्याकडे पाहू लागली, अन् म्हातारे दोन्ही बह्याड झाले म्हणून हासली. बशीर उठून उभा राह्यला, टाचा जुळवल्या अन् तिच्याऐवजी म्हणला, "हाजिर."