सटवाजी पाणक्याबाबतची हरकत

'कातळगड' या ऐतिहासिक लढायांच्या गेममध्ये राहणाऱ्या माणसांना खेळाडूंची मते दर मंगळवारी वाचून दाखवावी लागत, आणि त्या कामावर शलाका बेंद्रे हिची नेमणूक झाली होती.

कंपनी साताऱ्यात होती. खाली टायरचे दुकान आणि वर कंपनी. शलाका इतिहासात एम. ए. झालेली, आवाजाने स्वच्छ आणि स्वभावाने अतिशय दचकणारी. खालच्या दुकानात एखाद्या चाकातली हवा सुटली की तिचा हात छातीशी जायचा. मुलाखतीच्या वेळी नुसता पंखा सुरू झाला तरी ती खुर्चीतून अर्धी उठली होती. मुलाखत घेणारे शेडगे सर शांत गृहस्थ होते. त्यांनी ते पाहिले आणि सांगितले, की वाचताना दचकलात तरी चालेल, फक्त ओळ गाळू नका.

ही अट मुळात गडावरच्यांची होती. पूर्वी खेळाडू मत देत, कंपनी बदल करी, आणि गडावरच्या माणसांना सकाळी उठल्यावर कळे की आपला भाला आखूड झाला आहे किंवा आपल्याला आता पोहता येत नाही. मग एकदा ऐन चढाईत सगळी माणसे खाली बसली. खेळाडूंनी माऊस दाबून दाबून बोटे दुखवून घेतली, पण कोणी उठेना. शेवटी गावचे पाटील रायाजी पुढे आले. आमच्याविषयी जे बोलले जाते ते आमच्या तोंडावर बोला, असे त्यांचे म्हणणे पडले. चावडीवर वाचा, पुरते वाचा, तीनदा हरकत विचारा. हरकत आली नाही तर खुशाल काय तो बदल करा. कंपनीने हे मान्य केले. दुसरा इलाजही नव्हता.

म्हणून मंगळवारी सकाळी खेळ बंद ठेवत. गडाच्या पायथ्याशी, चावडीपुढच्या पारावर हलगी वाजे, शलाका दचके, आणि मग मायक्रोफोन जवळ ओढून घेई. पडद्यावर माणसे जमत. घोडेस्वार घोडी बांधून येत, लोहार भाता सोडून येई, बाया जात्यावरून उठून पदराला हात पुसत येत. खेळाडूने स्वतःला जे नाव दिले असेल ते मानाने घ्यायचे, असा दंडक होता. "श्री. रणझुंजार शहाण्णव यांचे मत," असे म्हणून ती वाचायला लागे. श्री. रणझुंजार यांना घोडदळ आवडलेले असे, तेव्हा स्वार मिशीवरून हात फिरवत. श्रीमती वाघीण डॉट कॉम यांना लोहाराची घणघण कानाला लागलेली असे, तेव्हा लोहार मान खाली घालून ऐके आणि दुसऱ्या दिवसापासून ऐरणीखाली पोते अंथरी.

हरकत कधी कोणी घेत नसे. गावकरी खेळाडूंना 'पाहुणे' म्हणत. पाहुणे येतात, चार घटका राहतात, आपल्या हातून लढाया लढवून घेतात आणि निघून जातात. पाहुण्याचा शब्द उंबऱ्यात मोडायचा नाही, ही गावची रीत होती. ज्याच्याविषयी मत असेल त्याला तर स्वतःसाठी हरकत घेताच येत नसे. पंक्तीत बसून आपल्या ताटात आपणच वाढून घेण्यासारखे ते होते.

शलाका कामावर आली त्याच्या पुढच्याच महिन्यात एक बकरी काढली गेली. ती पारावर उभी राहून शिपायांच्या घोड्यांची वैरण खाते, असे पुष्कळांचे मत पडले होते. शलाकाने ते वाचले, तीनदा हरकत विचारली, कोणी बोलले नाही. पुढच्या मंगळवारी पाराशी खुंटी होती, खुंटीला दावे होते, आणि ते कशाचे हे गावात कोणालाही सांगता येईना. तरी बाया जाता-येता तिथे मूठभर पाला टाकत. एकीला शलाकाने विचारले, तर ती म्हणाली की काय की बाई, हात जातो खरा. कंपनीतही कोणाला बकरी आठवत नव्हती. शेडगे सरांनी डोळे मिटून प्रयत्न करून पाहिला आणि नाही म्हणून सांगितले. वाचणाऱ्याला तेवढे आठवते, बाकीच्यांना नाही, असे ते पुढे म्हणाले. हे तुमच्या आधीच्यांनीही सांगितले होते. ते आधीचे का सोडून गेले, हे शलाकाने विचारले नाही.

त्यानंतर सटवाजीवर मते येऊ लागली.

सटवाजी गडाचा पाणक्या. पाठीला पखाल, हातात पितळी तांब्या, आणि दिवसभर विहिरीपासून बालेकिल्ल्यापर्यंत चढउतार. दर मंगळवारी वाचन आटोपले की तो पडद्याच्या अगदी जवळ येई, तांब्या वर धरी आणि म्हणे, "बाई, घसा सुकला असंल." शलाका म्हणे, राहू दे, माझी बाटली आहे. तो बरं म्हणून वळे. त्याचा एकच दोष होता. समोरून तहानलेला माणूस आला की तो जागच्या जागी थांबायचा आणि त्याला पाणी पाजायचा, मग तो माणूस आपला असो की चाल करून आलेला. गडाचा मुख्य दरवाजा अरुंद. ऐन चढाईत सटवाजी तिथे थांबला की दोन्हीकडचे शिपाई शस्त्रे भिंतीला टेकवून रांगेने ओंजळी धरत. वाट पुरती बंद व्हायची.

खेळाडू चिडणारच. कोणी लिहिले, की माझी तोफ डागायची वेळ निघून गेली आणि माझेच भालाईत पाणी पीत उभे. कोणी लिहिले, बाकी गेमला पाच तारे, पाणक्यामुळे एक. शेवटी बहुतेकांचे एकच म्हणणे झाले, की या माणसाचा लढाईत उपयोग नाही, त्याला काढून टाका.

सोमवारी ही मते शलाकाच्या हातात पडली. शेडगे सरांकडे जाऊन तिने विचारले, की हे जरा सौम्य करून वाचले तर चालेल का. सरांनी चहा खाली ठेवला. सौम्य केलेले मत हे त्या खेळाडूचे राहत नाही, तुमचे होते, असे त्यांनी समजावून सांगितले. मग काढल्यावर त्याचे काय होईल, असे तिने विचारले. काहीच होणार नाही, सर म्हणाले. त्याला लागणार नाही, दुखणार नाही, तो मुळात नसेलच. सर हे दिलासा म्हणून सांगत होते, हे तिला कळत होते.

त्या रात्री तिला जेवण गेले नाही. बकरीचे तिने कसेबसे निभावले होते. पण उद्यानंतर सटवाजी नावाचा एक माणूस होता, हे सगळ्या जगात तिला एकटीलाच माहीत असणार होते. त्याचे पुढे झुकून बोलणे, तांब्याच्या काठाला आलेला पोचा, सगळे. एवढे ओझे वागवण्याइतकी आपण घट्ट नाही, हे ती जाणून होती.

मंगळवारी हलगी वाजली. शलाका दचकली आणि वाचायला लागली. सटवाजी पुढेच बसला होता, पखाल मांडीशी घेऊन. मागून एक स्वार म्हणाला, "सटवा, दुश्मनाला निदान गाळून तरी नको पाजत जाऊस." दोघेतिघे हसले. सटवाजीही हसला. 'उपयोग नाही' इथपर्यंत आल्यावर शलाकाचा आवाज थांबला.

"पुढं वाचा बाई," सटवाजी म्हणाला. "माझ्यासाठी अर्धं नका ठिवू. पाहुण्यानं येवढं लिवलंय मेहनतीनं."

तिने पुढचे वाचले. मग रिवाजाप्रमाणे विचारले, हरकत आहे काय? कोणी बोलले नाही. दुसऱ्यांदा विचारले. बाया जमिनीकडे पाहत होत्या. लोहाराने तोंड उघडले आणि मिटले. पाहुण्याचा शब्द होता.

तिसऱ्यांदा विचारायच्या ऐवजी शलाका म्हणाली, "माझी आहे."

शेडगे सर शेजारीच बसले होते. वाचणाऱ्याला हरकत घेता येत नाही, असे त्यांनी हळू आवाजात लक्षात आणून दिले. पडद्यावर रायाजी पाटील उठून उभे राहिले. त्यांनी बराच विचार केला.

"हरकत गावच्या माणसानं घ्यायची असती," ते म्हणाले. "तुम्ही गावच्या न्हाई."

"गावचं कोणाला म्हणायचं?" शलाकाने विचारले.

"ह्या गावचं पाणी ज्याच्या पोटात गेलं त्याला."

सगळी माणसे सटवाजीकडे बघू लागली. तो गडबडला. आपल्याच कामासाठी आपण कसे पाजायचे, असे तो पुटपुटला. पाटलांनी त्याला विचारले, की तहानलेल्याने मागितले तर तू कधी विचारपूस केली होतीस का. आज का करतोस? तेव्हा तो उठला, पडद्याच्या अगदी जवळ आला आणि त्याने तांब्या वर धरला.

शलाकाने ओंजळ पुढे केली. पाणी गार होते आणि त्याला पखालीच्या कातड्याचा वास होता. थोडे कीबोर्डवर सांडले. शेडगे सरांनी रुमाल पुढे केला. तिने पाणी संपवले, हनुवटी पुसली आणि पुन्हा म्हणाली, की माझी हरकत आहे.

"झाली," पाटील म्हणाले. "पर नुसतं न्हाई म्हणून भागत न्हाई, बाई. पाहुण्यांचं गाऱ्हाणं खोटं न्हाई. वाट अडती. ज्यानं हरकत घेतली त्यानं ती वाट मोकळी ठिवायची."

शलाकाने मान डोलावली. तेव्हा तिला याचा अर्थ नीट समजला नव्हता. समजला असता तरी तिने मान डोलावलीच असती.

बुधवारपासून ती सकाळी कंपनीत हजेरी लावून गडाच्या दरवाजात जाऊ लागली. जेवणाची सुट्टी तीच राहील, आणि मंगळवारचे वाचन सुटणार नाही, एवढे शेडगे सरांनी स्पष्ट केले. दरवाजाच्या आत दोन्ही अंगाला पहारेकऱ्यांसाठी देवड्या होत्या. चढाईची चाहूल लागली की सटवाजीला उजव्या देवडीत बसवायचे, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवले. तहानलेले तिथे वळत, पाणी पीत, आणि उरलेल्यांना वाट मोकळी राहत असे. सटवाजी म्हणाला की हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. मग पखाल भिंतीला टेकवून म्हणाला, की बसून पाजायला बरं वाटतं, गुडघे दुखत होते.

तोफांची मात्र तिला सवय होईना. प्रत्येक आवाजाला ती भिंतीला चिकटे. भालाईत अंगावरून धावत, घोडी फुरफुरत, वरून दगड येत, आणि ती दोन्ही हात कानांवर ठेवून ओरडून सांगे, पाणी हवे असेल त्यांनी उजवीकडे, बाकीच्यांनी पुढे. दुपारी डबा खायला वर आली की केसात धूळ असे. आईने एकदा विचारले, की तुझ्या ओढणीला दारूचा कसला ग वास, फटाक्याच्या दारूसारखा? ऑफिसचा, असे शलाकाने सांगितले, आणि ते खोटेही नव्हते.

बदलाचा खेळाडूंवर परिणाम झाला. वाट मोकळी आहे, असे त्यांनी लिहिले. पाणक्याविषयी कोणी काही लिहीना. तो आता वाटेत आडवा येत नव्हता, आणि आडवा न येणाऱ्या माणसाविषयी कोणाला मत नसते. मग हळूहळू दुसरी मते येऊ लागली. दरवाजात एक बाई उभी असते. ती दचकते. खूपच दचकते.

ती मते ज्या मंगळवारी वाचायची होती, त्या सकाळी शलाका नेहमीपेक्षा लवकर आली. वर 'दरवाजातली बाई' एवढे दिसले, तेव्हा तिने ती पुढे उघडली नाहीत. हलगी वाजली, माणसे जमली. सटवाजी पुढे येऊन बसला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने पखालीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली. मते कोणाबद्दल आहेत हे तिच्या चेहऱ्यावरून सगळ्या गावाला कळले होते. स्वतःसाठी हरकत घेता येत नाही, हे तिला माहीत होते.

"श्री. तोफखाना शून्य शून्य सात यांचे मत," तिने वाचले. "दरवाजातली बाई खरी वाटते. एवढ्या वर्षांत या गेममध्ये तोफेला घाबरणारे माणूस पहिल्यांदा पाहिले. तिला काढू नये. फक्त एक सुधारणा हवी. ती तोफ वाजल्यावर दचकते, त्याचा उपयोग नाही. तिने तोफ वाजण्याच्या थोडे आधी दचकावे. म्हणजे आम्हाला सावध होता येईल."

खाली बहुतेकांनी यालाच दुजोरा दिला होता. तेही तिने वाचले, एक ओळ न गाळता. मग तिने तीनदा हरकत विचारली. पाटलांनी तिसऱ्या खेपेला मुद्दाम जरा जास्त वेळ थांबून पाहिले, कोणाला काही म्हणायचे असेल तर. सटवाजीने तिच्याकडे पाहिले. तिने मान हलवली, की नको, असू दे.

काही होण्याआधी दचकणे तिला जमत होतेच. मत मंजूर झाले, आणि ती पुढचे वाचू लागली.