अठरा डबे आणि त्यांची झाकणं

बायकोला इस्पितळात संध्याकाळच्या पाळीची मुख्य परिचारिका होण्याची संधी आली, तेव्हा मी एवढंच म्हणालो, की जागा घे, संध्याकाळच्या जेवणाचं मी बघतो. डायरीत हे वाक्य एका ओळीत मावलं आहे. त्याच्या परिणामांना नऊ पानं लागली.

बारा वर्षं ती या जागेची वाट बघत होती. तरी माझ्याकडे नीट बघून ती म्हणाली, "शुक्रवारी उत्तर द्यायचंय. तोवर करून दाखवा."

अडचण अशी की आमच्या घरात एका भांड्यातलं सगळ्यांना चालत नाही. बायकोला अंड्याची अ‍ॅलर्जी, सासूबाईंना दुधाची आणि लेकीला शेंगदाण्याची (तिचे ओठ सुजतात, श्वास लागतो, तेव्हा तिथे थट्टा नाही). मला सगळं चालतं. घरात माझी तेवढीच एक पात्रता आहे. त्यात मी ऑफिसातून साडेसहाला पोचतो आणि सातला सगळ्यांना एकदम भूक लागते.

मी एकवीस वर्षं रेकॉर्ड विभागात आहे. गोंधळ दिसला की मी क्रमांक घालतो. रविवारी सकाळपासून उभा राहून मी लाल भोपळ्याचा रस्सा तीन प्रकारांनी शिजवला: बिनअंड्याचा, बिनदुधाचा आणि बिनशेंगदाण्याचा. प्रत्येकी सहा, असे अठरा डबे. झाकणांवर क्रमांक, क्रमांकांची यादी डायरीत. आल्यावर फक्त गरम करायचं.

लेक यादी वाचून म्हणाली, "बाबा, तिन्ही नसलेलं एकच का नाही केलंस?"

एकाच्या पथ्यापायी दुसऱ्याने का उपाशी मरायचं, असं मी तिला समजावून सांगितलं. (खरं म्हणजे मला ते सुचलंच नव्हतं.)

मग वाफ जावी म्हणून मी अठराही झाकणं काढली, आतून पुसली, एकावर एक रचली आणि डबे गार झाल्यावर परत लावली. फाइलचं कव्हर फाइलपासून सुटत नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्या नोकरीत कधी आला नव्हता.

सोमवारी सातला मी लेकीचा चौदा नंबर गरम करून वाटीत तिच्यापुढे ठेवला. तिने चमचा बुडवला आणि बायकोने तिचा हात धरला. रश्श्यावर अर्धा शेंगदाणा तरंगत होता.

बायकोने शांतपणे वाटी उचलली, चमचा धुतला, टेबल पुसलं, लेकीचे हात धुवायला लावले. मला शुक्रवार आठवला.

मी म्हणालो, मला सगळं चालतं, तेव्हा मी अठराही चाखून नव्याने क्रमांक घालतो. चार डबे चाखले. चारही भोपळा.

सासूबाई इतका वेळ माझं तोंड न्याहाळत होत्या. "जावईबापू, राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही कळत नाहीये, ते आम्हाला इथून दिसतंय."

तोवर लेकीने कुकर लावला होता. भात, उकडलेले बटाटे, वरून लसणीची फोडणी. वीस मिनिटांत तिघी जेवल्याही. मंगळवारी तिने बटाट्याच्या जागी फ्लॉवर घातला, बुधवारी मटार. मी डबेच खात होतो, कारण ते दुसऱ्या कोणाला देण्याची माझी हिंमत नव्हती.

शुक्रवारी बायको घरी आली आणि पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "हो म्हणून आले."

मला भरून आलं. एवढं होऊनही माझ्यावर भरवसा टाकलास, असं काहीसं मी बोलून गेलो.

"तुमच्यावर नाही हो," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "इथलं लेक बघेल. आणि मुख्य परिचारिकेला संध्याकाळचं जेवण तिथेच असतं. पेशंटच्या पथ्याचं, बिनअंड्याचं. चौकशी केली मी."

सासूबाईंनी पाचव्या दिवशीच्या भातावरून मान वर केली आणि ते जेवण मिळायला माणसाला निदान किती आजारी असावं लागतं, एवढंच विचारलं.