पापडाहून पातळ घड्याळ

मी बाळा घरत, मीरा-भाईंदरमधला एकमेव खासगी गुप्तहेर. दुसरा कोणी असेलच तर तो इतका गुप्त आहे की मलाही सापडलेला नाही. शांती नगरमध्ये माझं ऑफिस आहे. पुढच्या बाजूला झेरॉक्स आणि लॅमिनेशन चालतं, ते निव्वळ वेषांतर. हे वेषांतर इतकं जमून आलंय की लोक फक्त झेरॉक्स काढायलाच येतात. वर लाल एलईडीचा बोर्ड आहे, 'गुप्तहेर', रात्रभर उघडझाप करणारा. माझ्या नावानं गुन्हेगार चळाचळा कापले असते, पण आईनं नाव बाळा ठेवलं आणि तो विषय तिथेच संपला.

माझी पद्धत शास्त्रीय आहे. सापडेल तो पुरावा मी जागेवर लॅमिनेट करतो. लॅमिनेट केलेला पुरावा फितूर होत नाही. शिवाय जाडीतलं मला कळतं. कुठलाही कागद दोन बोटांत धरून तो किती मायक्रॉन आहे ते मी डोळे मिटून सांगतो. हेमांगी, म्हणजे माझी सहायक आणि बायको, म्हणते, "अहो, या ज्ञानाचा उपयोग एकदा तरी झालेला दाखवा." म्हणून हे प्रकरण सांगतोय.

सुयोगचा फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी बारावीच्या मार्कशीटला पाऊच घालत होतो. सुयोग हा पेणकरपाड्याच्या दशरथ भोईरचा मुलगा आणि दशरथ माझा शाळेतला दोस्त. त्याच दिवशी संध्याकाळी सुयोगचं लग्न होतं. मला वाटलं, लवकर जेवायला बोलावतोय.

"बाळाकाका, घड्याळ गेलं," तो कुजबुजला. "दिव्यानं दिलेलं. तुम्ही लगेच या. आणि प्लीज, ते मशीन आणू नका."

मी मशीन घेतलं, हेमांगीला घेतलं आणि रिक्षा पकडली.

दारात मांडव होता, डीजेवाला स्पीकर तपासत होता आणि आतल्या खोलीत सुयोग बसला होता. आदल्या दिवशीच्या हळदीनं डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. आमच्यात हळद लावायची म्हणजे लावायची, खालचा नवरा ओळखू येणं सक्तीचं नसतं. त्याच्या उजव्या मनगटावर वासंतीआत्यानं बांधलेलं कंकण होतं, पिवळ्या फडक्यात हळकुंड आणि सुपारी. लग्न लागल्यावर नवरीनंच ते सोडायचं, तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. वासंती दशरथची थोरली बहीण, कंकण बांधायला बसली की हात आखडता घेत नाही. पोराला प्लॅस्टर घातल्यासारखं दिसत होतं.

"घड्याळाचं वर्णन कर," मी म्हणालो.

"महागातलं आहे काका. चावीचं. आणि एकदम पातळ. साखरपुड्यात दिव्यानं दिलं तेव्हा बाबांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि सगळ्यांसमोर बोलले, एवढे पैसे घालून एवढंसंच? आमच्याकडे पापडसुद्धा याहून जाड लाटतात."

"मग?"

"मग काय, दिव्याच्या वडिलांचा चेहरा पडला. दिव्या मला बाजूला घेऊन म्हणाली, मला काही नको, लग्नात फक्त ते घालून उभा राहा. आता हातात नसेल तर तिला वाटणार, बाबांनी काढ म्हटलं आणि मी काढलं. काका, आयुष्यभर हे तिच्या मनातून निघणार नाही." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेही पिवळं.

"शेवटचं कुठे होतं?"

"हळदीला बसायच्या आधी काढून फ्रिजवर ठेवलं. मी नेहमी फ्रिजवरच ठेवतो. आधीचं घड्याळ जाडजूड होतं ना, लॅपटॉपवर टाइप करताना टोचायचं, शर्टाची बाही त्याच्यावर अडकून बसायची. सारखं काढायला लागायचं. हे घातलंय असं वाटतसुद्धा नाही."

फ्रिजवर उरलेल्या पत्रिका होत्या आणि एक स्क्रू. स्क्रू मी ताबडतोब लॅमिनेट केला. मशीन अडकलं. तो मिक्सरचा होता हे आत्यानं नंतर सांगितलं, पण तपासाच्या वेळी असल्या गोष्टी कोण सांगतं?

मी डोळे मिटून विचार केला. पातळ वस्तू माणूस नेहमी जाड वस्तूत लपवतो. नोटा उशीत, चीज पराठ्यात. मग घरातलं सगळ्यात जाड घड्याळ कुणाकडे?

लवूमामांकडे. हे सुयोगचे सख्खे मामा. त्यांच्या मनगटावर जे होतं त्याला पट्टा होता म्हणून घड्याळ म्हणायचं, नाहीतर तो चटणीचा डबाच होता. पाणबुड्यांसाठी बनवलेलं, खोल समुद्रातसुद्धा चालणारं. मामा स्वतः उत्तनच्या किनाऱ्यावर चप्पल भिजली तरी घरी जायला निघतात.

"मामा, टोचत नाही?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"टोचतं ना. खाली रुमाल घालतो," मामा म्हणाले. "शर्टाचं बटण लागत नाही, दाराच्या चौकटीला आपटतं, झोपताना तर हात बिछान्याबाहेर ठेवायला लागतो. पण दिसतं की नाही सांग? काल मी नाचताना हात वर केला तर मागच्या माणसाला टाइम कळला."

"उघडा ते."

"काय उघडू?"

"घड्याळ. आत दुसरं घड्याळ आहे."

मामांनी हेमांगीकडे पाहिलं. हेमांगी म्हणाली, "मी फक्त सोबत आलेय."

मामांनी उघडलं नाही, पण मला त्यांचा धक्का लागला. हाताचा नव्हे, घड्याळाचा. कोपर अजून दुखतं.

आता दुसरा सिद्धान्त. पापड हा शब्द दशरथच्या तोंडून आला होता. माणूस बोलण्याच्या ओघात खरं बोलून जातो. घड्याळ पापडाएवढं पातळ, तेव्हा ते लपवायला पापडांच्या डब्यासारखी जागा नाही. लग्नाच्या जेवणासाठी तळून ठेवलेले पापडांचे डबे कोठीच्या खोलीत होते. मी एकेक पापड दोन बोटांत धरून जाडी तपासू लागलो. शास्त्र चोख होतं, फक्त तळलेल्या पापडाला ते मानवत नाही. तिसऱ्या डब्यापर्यंत पोचलो आणि दारात वासंतीआत्या उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"चौकशी," मी म्हणालो.

आत्यानं बोलणं वाढवलं नाही, लाटणं उचललं. मी सन्मानानं माघार घेत दशरथच्या खोलीत शिरलो आणि दाराला कडी घातली. तिथे कॉटवर एक लाल डबी. डबीत घड्याळ, सोनेरी, भलंमोठं, भाकरीसारखं फुगलेलं. मी कडी काढून दशरथला हाक मारली.

"दशरथ, हे काय आहे?"

"हळू बोल," दशरथ म्हणाला. "सुयोगला आणलंय. चार माणसं येणार, नवऱ्याचा हात भरलेला दिसायला नको? त्या पापडात काय दिसतंय कुणाला?"

मागोमाग सुयोग आला, त्याच्यामागे हेमांगी. दशरथनं डबी पुढे केली. "घाल हे. आता ते सापडत नाही तर नाही. हात दे."

सुयोगनं उजवा हात पुढे केला. पोरगा डावखुरा, घड्याळ उजव्या हातात घालतो.

"अरे, त्यात कंकण आहे. डावा दे," दशरथ म्हणाला आणि घड्याळ डाव्या हातात चढवलं. मग माप बघायला कॉटवरच्या शेरवानीची बाही त्या हातावर चढवली. शिंप्यानं बाही दिव्याच्या घड्याळाच्या बेतानं शिवलेली. ती या घड्याळापर्यंत आली आणि थांबली. दशरथनं जोर लावला. टर्र आवाज झाला.

सुयोगनं घड्याळ काढून डबीत ठेवलं. "बाबा, तिनं माझ्या हातासाठी आणलं होतं. तुम्ही चार माणसांसाठी आणलंय. मी मोकळ्या हातानं उभा राहीन. तिला काय वाटायचं ते वाटू दे, खोटं घालणार नाही."

दशरथ कॉटवर बसला. त्याचं तोंड एवढंसं झालं. मी ही संधी सोडली नाही.

"म्हणजे हे घालायला लावायचं म्हणून ते पातळ घड्याळ तूच चोरलंस."

"बाळा," दशरथ म्हणाला, "तू बाहेर जा."

मी बाहेर गेलो. ओट्यावर रखमाबाई, सुयोगची आजी, घंगाळात पाणी काढत होती. "पानी तयार हाय," ती ओरडली. "पोराला आना आंघोलीला, हलद उतरवायची हाय." सुयोग पाटावर येऊन बसला. आजीनं तांब्या भरला आणि तेवढ्यात सुयोगचा फोन वाजला. दिव्याचा व्हिडिओ कॉल. सुयोगनं फोनकडे असं बघितलं की जणू तो चावणार आहे. तो उचलेना, म्हणून हेमांगीनं उचलला.

"दिव्या, मी हेमांगीकाकी. घड्याळ हरवलंय. कुणी काढायला लावलेलं नाही, खरंच हरवलंय आणि तो सकाळपासून रडतोय. आमचे हे शोधतायत, म्हणजे सापडेल अशी आशा नाही."

पलीकडे दिव्या, तीही पिवळी. म्हणाली, "काकी, फोन त्याच्यासमोर धरा. सुयोग, आपण दुकानात बघायला गेलो होतो तेव्हा काय झालं होतं?"

"काय?"

"तू घालून बघितलंस, नंतर ठरवू म्हणालास आणि घड्याळ घालून तसाच निघालास. दुकानातला माणूस लिफ्टपर्यंत धावत आला. तुला पत्ताच नव्हता. म्हणून तर मी तेच घेतलं, तुझ्या हाताला ते कळलंच नव्हतं. आता सांग, काल ते फ्रिजवर ठेवताना आठवतंय की नेहमी ठेवतोस म्हणून वाटतंय?"

"नेहमी ठेवतो म्हणून," सुयोग म्हणाला.

"उजवा हात कानाला लाव," दिव्या म्हणाली.

डीजेवाल्यानं नेमका तेव्हाच आवाज सोडला. हेमांगी मांडवाकडे धावली, "ओ भैया, दो मिनट बंद करो." आवाज थांबला. सुयोगनं कंकण कानाला लावलं. पिवळ्या चेहऱ्यावर आधी दात दिसले, मग पुन्हा पाणी. रखमाबाईनं तांब्या खाली ठेवला, नातवाचा हात ओढून आपल्या कानाशी धरला आणि म्हणाली, "चालतंय की."

वासंतीआत्या लाटण्यासकट आली. "हळदीनं माखलेल्या हातावर बांधताना मला काहीतरी कडक लागलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, लग्नाच्या टेन्शननं पोराचं हाड वर आलंय."

तर घड्याळ पूर्ण वेळ पोराच्या हातात होतं. जाड असतं तर आदल्या दिवशीच टोचलं असतं, त्यानं काढलं असतं, आत्याच्या फडक्यात मावलंच नसतं. आता फडकं सोडायला आत्या तयार नव्हती आणि डोक्यावर पाणी ओतायचं होतं. पातळ घड्याळाला पाणी चालत नाही. इथे माझी कामगिरी सुरू होते. मी मनगटाला ए-फोर साइजचा लॅमिनेशन पाऊच गुंडाळला, वरून चिकटपट्टी मारली आणि पोराला आंघोळ घातली गेली. पाण्याचा थेंब आत गेला नाही. हेमांगीनं वरून एक कॅरीबॅग बांधली होती, पण ती मी धरत नाही.

संध्याकाळी नवरीकडची मंडळी जेसल पार्कहून आली. दिव्या मागच्या गाडीत होती आणि घड्याळाचं तिनं वडिलांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. वडील उतरले आणि त्यांची पहिली नजर गेली सुयोगच्या मनगटांकडे. डावं मोकळं, उजव्यावर कंकण. ते हसायचे थांबले.

दशरथ पुढे झाला. मला वाटलं, नारळ देतोय. त्यानं सुयोगचा उजवा हात धरला आणि म्हणाला, "व्याही, कान द्या."

भर मांडवात, वाजंत्री थांबवून, दिव्याच्या वडिलांनी वाकून जावयाच्या कंकणाला कान लावला. मग दशरथनं लावला. दोघं बराच वेळ तसेच ऐकत राहिले.

"माझं चुकलं," दशरथ म्हणाला. "मी पापड म्हणालो."

दिव्याचे वडील इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "खरं सांगू? मलापण जाडच घ्यायचं होतं. पोरगी ऐकेना."

लग्न लागलं. कंकण सोडायची वेळ आली. एका हातानं सोडायचं असतं, आणि आत्याची गाठ. दिव्यानं ओठ दाबून ती सोडवली. सुपारी पडली, हळकुंड पडलं आणि खाली घड्याळ, बरोबर चालू. कातडी पट्टा मात्र पिवळाधमक.

"पट्टा बदलून घेतो," सुयोग म्हणाला.

"हात तर लावून बघ," दिव्या म्हणाली.

जेवायला बसलो. वासंतीआत्या स्वतः वाढायला आली आणि तिन्ही डब्यांतले पापडाचे तुकडे तिनं माझ्या एकट्याच्या ताटात ओतले. हेमांगी खाली मान घालून हसत होती. इतक्यात पलीकडच्या पंगतीत गलका झाला. लवूमामांचं घड्याळ हरवलं होतं. "बोलवा, बोलवा, आत्ताच्या आत्ता बोलवा," मामा ओरडत होते. मी रुमालानं हात पुसले, कॉलर ठीक केली आणि उभा राहिलो.

ते नवरीला बोलवत होते.

दिव्यानं खुर्चीवरूनच विचारलं, "मामा, जेवायच्या आधी हात धुतलेत ना? बेसिनपाशी बघा. असलं जाड घड्याळ माणूस तिथेच काढून ठेवतो." घड्याळ तिथेच होतं, साबणाच्या शेजारी.

मी खाली बसलो आणि एक पापड मोडला. तसा तो आधीच मोडलेला होता.