नातवाच्या नावाची डबी

नातवाला जुलाब सुरू झाले तेव्हा मोठीबाईंनी आधी शेजारणीला नावं ठेवली, मग नळाच्या पाण्याला, मग सुनेच्या माहेराला. त्यांच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती. गल्लीतलं कुठलंही मूल वरचं खायला लागलं की पहिला मऊ भात मोठीबाईंनी भरवायचा, हा त्यांचा मान. "माझ्या हातचं पोरांच्या अंगी लागतं," असं लोक म्हणतात, असं त्याच सांगत.

अलीकडे मात्र गल्लीतली पोरं एकामागून एक आडवी पडत होती. शेजारणीची पोर तर गेलीच. भेटायला गेलेल्या मोठीबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या होत्या, "हात धुवायला काही पैसे पडत नाहीत गं."

आता नातवाचे डोळे खोल गेले होते आणि लंगोटात रक्त दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी सुनेच्या हातात झाकणाची डबी ठेवली.

"नेहमीचं औषध लागू पडत नाहीये. कुठला जंतू आहे ते कळलं पाहिजे. सकाळी ताजी शी आणा. तोवर मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा."

घरी आल्यावर मोठीबाईंनी विचारलं, "जंतू? आमच्या घरात?"

"घरात नाही हो आई, पोटात."

"आणि पोट कुणाच्या घरातलं?"

लॅबवाला गल्लीच्या तोंडाशीच राहायचा आणि त्याच्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत नसे. मोठीबाईंना रात्रभर तेच दिसत राहिलं. सकाळी त्या सुनेला म्हणाल्या, "डबी इकडे दे. तू पोराकडे बघ." आणि संडासात जाऊन कडी लावली.

त्यांचा विचार सरळ होता. आपलं पोट म्हणजे दगड, जन्मात कधी बिघडलं नाही. डबी स्वच्छ निघेल, घराची अब्रू राहील, आणि पोर काय, मीठ-साखरेवर उभं राहील. डबी त्यांनी बाहेरून धुवून पुसून, दागिना द्यावा तशी फडक्यात बांधून मुलाच्या हाती दिली.

पोर उभं राहिलं नाही. चिंधीसारखं पडून राहिलं. रडायचं, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मोठीबाई तडक दवाखान्यात गेल्या, तर डॉक्टरीणबाईच समोर आल्या.

"बरं झालं आलात. जंतू सापडला. चिवट आहे मेला, पण एका औषधाला दबतो."

मोठीबाईंनी विचारलं, "कुणाच्या डबीत?"

"तुमच्याच की."

सांगायला आलेलं तसंच गिळून त्या औषध घेऊन घरी परतल्या. पोरानं औषध घेतलं. मग पाणी मागितलं. मग एका सकाळी आईचे केस ओढले. घरात सगळ्यांनी लॅबवाल्याला दुवा दिला. मोठीबाई तेवढ्या बोटं मोजत बसल्या.

त्यांची शाळा पाढ्यांतच सुटली होती, पण एवढं गणित त्यांना येत होतं. जंतू त्यांच्या पोटातला. औषध त्या जंतूवरचं. बरं झालं ते पोर. आणि त्याच गणितात पुढे शेजारणीची पोर येत होती. तिनं मोठीबाईंच्या हातचे चार घास खाल्ले होते आणि पाचव्यासाठी आ केला होता.

त्या दिवशी त्या चुलीकडे फिरकल्या नाहीत.

"सूनबाई, आजपासून स्वयंपाक तुझा."

लग्न झाल्यापासून मिठाच्या बरणीला हात लावायची मुभा नसलेली सून नवऱ्याकडे बघायला लागली.

"आई, तुला बरं नाही का?" मुलानं विचारलं.

"मला कधी काही होतं का? तेच तर वाईट आहे."

दुपारी लॅबवाला डब्यांची पिशवी घेऊन गल्लीत आला. धडधाकट दिसणारं कुणीतरी माणूस हा जंतू पोटात बाळगून फिरतंय, ते शोधायचं होतं. मोठ्या माणसांनीही डब्या द्यायच्या होत्या. शेजारीण आपली डबी घेऊन तिथेच उभी होती.

"मोठीबाई, ही तुमची."

मोठीबाईंनी हात पुढे केला नाही. बोलल्या मात्र पलीकडच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"माझी कशाला? माझी तुमच्याकडे आहे. नातवाच्या नावानं."

लॅबवाल्याला उमजायला जरा वेळ लागला. शेजारणीला लागला नाही.