चौथ्या मजल्यावरचा नमुना

तक्रारीला उत्तर हवं असतं. उपाय ही त्यानंतरची चैन आहे. लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीला हे सत्य उमगलं, तेव्हा तिने सहापैकी चार मेकॅनिक कमी केले आणि तक्रारींना उत्तरं द्यायला एआय आणला. (उरलेल्या दोघांपैकी एक रजेवर असतो. दुसरा त्याचं काम सांभाळतो.)

एआय उत्तरं झकास लिहायचा, पण ती लिहिण्याआधी त्याला सूचना कोणती द्यावी यावर वरच्या मंडळींचं एकमत होईना. मग व्यवस्थापकांनी, ज्यांना सगळे पाठीमागे ‘अनुभवसाहेब’ म्हणत, प्रोग्रामरला बोलावून घेतलं.

“एक साधं पान कर,” ते म्हणाले. “वर तक्रार, खाली दोन सूचनांची दोन उत्तरं. लोकांनी आवडेल त्यावर बोट ठेवायचं. जी सूचना जिंकेल ती कंपनी शब्दशः पाळणार. माझ्या अनुभवात उत्तर आवडलं की अर्धी लिफ्ट तिथेच चालू होते.”

पान झटक्यात तयार झालं. नमुन्याला फक्त एक तक्रार हवी होती. प्रोग्रामरची आई चौथ्या मजल्यावर राहायची. तिच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता, इमारतीची लिफ्ट याच कंपनीची होती आणि अर्थातच बंद होती. त्याने तीच तक्रार पानावर टाकली. चाचणीही होईल आणि विषय साहेबांच्या डोळ्यांसमोरही राहील, असा त्याचा भाबडा हिशेब.

विषय डोळ्यांसमोर राहिला. इतका, की हत्यारांची पिशवी घेऊन निघालेल्या मेकॅनिकला साहेबांनी फाटकातून परत बोलावलं. कारण शास्त्रीय होतं. दोन सूचनांची तुलना करायची तर तक्रार तीच राहायला हवी. लिफ्ट चालू झाली की तक्रार खोटी ठरते आणि तिच्यावरची चाचणीही. सबब, चाचणी पूर्ण होईपर्यंत सदर लिफ्ट बंद ठेवण्यात यावी, असा आदेश निघाला. (एक सूचना जिंकली की तिच्याशी लढायला दुसरी उभी करतात. विज्ञान असं मध्येच थांबत नाही.)

रोज ऑफिस सुटलं की प्रोग्रामर भाजी आणि औषधं घेऊन धापा टाकत जिने चढायचा. आई खिडकीशी बसून रस्त्यावरच्या चालत्या माणसांकडे बघत असायची. डॉक्टरांकडे जाणं दोनदा हुकलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

शेवटी त्याने गुपचूप आपली सूचना पानावर चढवली: माफी नको, मेकॅनिक पाठव. एआयने आज्ञाधारकपणे लिहिलं, “उद्या सकाळी दहाला मेकॅनिक येईल.” समोर साहेबांच्या सूचनेचं उत्तर होतं: “आपल्या गुडघ्यातली प्रत्येक कळ आमच्याही काळजात उठते. आपण एकट्या नाही आहात.”

पहिल्या शंभर मतांपैकी सत्त्याण्णव काळजाला पडली. गुडघ्यांच्या बाजूने तीन. (दोन प्रोग्रामरची, एक फाटकातून परतलेल्या मेकॅनिकचं.)

तो तडक आईकडे गेला आणि पान उघडून फोन तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून दोन्ही उत्तरं सावकाश वाचली. डोळे पुसले. मग काळजावर बोट ठेवलं.

“अगं आई, दुसऱ्या उत्तरातला माणूस लिफ्ट दुरुस्त करणार होता.”

“करेल रे. पण बोलायची काही पद्धत? ना विचारपूस, ना काही. आणि हा बघ, किती मायेनं लिहितोय. असं तूसुद्धा कधी विचारलं नाहीस.”

तिला हसू नये. आपण इथवर मजेत वाचत आलात, चार ठिकाणी मानही डोलावली असेल, त्यामुळे आपली नोंद समाधानी वाचकांत करण्यात आली आहे. लिफ्ट कधी सुरू होणार, हे आपणही विचारलं नाहीत.